पाणी आडवं पडेना : कासच्या तळ्याचं पेस्टल दुरुस्त करताना

पलीकडच्या काठाची झाडी छान जमली होती, आभाळ स्वच्छ होतं, पण तळं भिंतीसारखं उभं राहिलं होतं. निसर्गचित्राच्या वर्गातली विद्यार्थिनी बोर्ड समोर ठेवून म्हणाली, "सर, पाणी आडवं पडतच नाही." विषय साताऱ्याजवळचा कास तलाव, मार्चमधली सकाळ. माध्यम पेस्टल, म्हणजे कोरडे रंगीत खडू. कागद ११ बाय १५ इंचांचा, वाळूचा थर असलेला ४०० ग्रेडचा. नशीब, कारण साध्या कार्ट्रिज कागदावर पुढची दुरुस्ती जमलीच नसती.

हा तलाव सातारा शहराला पाणी पुरवतो. उन्हाळ्याकडे पातळी उतरते आणि झाडी व पाणी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडतो. तिने हा पट्टा, झाडं आणि मागचा डोंगर, सगळ्यांची उंची मोजून तेवढीच खाली उतरवली होती. बहुतेक जण असंच करतात. पण प्रतिबिंब म्हणजे चित्राची उलटी प्रत नव्हे. आपला डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखालून पाहिल्यावर जे दिसेल ते प्रतिबिंबात येतं. खालून पाहताना उतरता काठ जवळजवळ मिटतो, म्हणून तांबडा पट्टा पाण्यात अगदी बारीक होतो. जवळची झाडंही मागच्या डोंगराला जास्त झाकतात, म्हणून पाण्यात डोंगर वरच्यापेक्षा कमी दिसतो.

दुसरा दोष उजळ-गडदाचा. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला तर आभाळ आणि पाणी एकाच छटेचे निघाले. शांत पाण्यात आभाळ किंचित गडद होतं आणि झाडांचा काळोख किंचित उजळतो. शिवाय लांबचं पाणी क्षितिजाजवळचं फिकट आभाळ दाखवतं, पायाजवळचं माथ्यावरचं गडद आभाळ. आणि अगदी समोर, सावलीत, तळाचा मातकट हिरवा रंगही आरपार दिसू लागतो. त्यामुळे पाणी आपल्याकडे येता येता गडद होत गेलं, तरच ते आडवं पडतं. हिच्या चित्रात ते वरपासून खालपर्यंत एकसारखं फिकट निळं होतं.

वरून आणखी रंग चढवणं शक्य नव्हतं. कागदाचा दाणा, म्हणजे रंग धरून ठेवणारा खरखरीतपणा, भरला होता, खडू नुसता घसरत होता. म्हणून आधी काढणं. बोर्ड उभा, वरची कड किंचित पुढे झुकलेली, म्हणजे भुकटी चित्रावर न सांडता खाली पडते. डुकराच्या केसांचा कडक, कोरडा ब्रश काठापासून खाली ओढायचा. फुंकर मारायची नाही. तोंडाला मास्क हवाच, काही रंगद्रव्यं विषारी असतात. उरलेल्या डागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला. ते पटकन वाळतं, पाण्यासारखा कागद फुगवत नाही, आणि उरलेला रंग दाण्यात मुरून पुढच्या थराला जागा मोकळी राहते.

मग कडक पेस्टलने झाडांचा काळोख. काळा खडू नाही. गडद हिरव्यावर गडद जांभळा. खडू आडवा धरून सरळ खाली ओढायचा, त्यावर बोट एकदाच, तेही उभं. आभाळाचे रंग त्यानंतर, मऊ खडूने, दाब जवळजवळ नाहीच. काठाची रेघ मात्र मी पट्टी लावून तपासायला सांगतो: ती चित्राच्या खालच्या कडेला समांतर हवी. जरा तिरकी झाली की तळं ओसंडून वाहतं.

शेवटी वाऱ्याचा पट्टा, जिथे झुळुकीने प्रतिबिंब मोडतं. लांब असेल तितका तो बारीक. विद्यार्थ्यांचा हात इथेच आवरत नाही, पांढऱ्या रेघा वाढत जातात आणि पाणी फुटलेल्या काचेसारखं तुकडे-तुकडे दिसतं. मी तिला दोनच मारायला दिल्या, त्याही पांढऱ्या नव्हे, फिकट पिवळसर निळ्या.

फिक्सेटिव्ह, म्हणजे खडूची भुकटी धरून ठेवणारा फवारा, काळोखाच्या थरावर हलकं मारलं, साधारण ३० सेंटिमीटरवरून. उजळ छटांवर नाही, कारण ओल्याने त्या गडद होतात. उजवीकडच्या कोपऱ्यात ब्रशने दाणा झिजला होता, तिथे खडू नीट बसेना. तिथे काठावरच्या गवताची सावली आणून तो भाग गडदच ठेवला.

साताऱ्याच्या पावसाळ्यात चित्राला बुरशी लागते, म्हणून फ्रेम करताना चित्र काचेला टेकू द्यायचं नाही. काच दूर ठेवणारं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, नको असेल तर फ्रेमवाल्याकडून काचेच्या आतल्या कडेने बारीक लाकडी पट्टी लावून घ्यावी, आणि फ्रेम बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नये.