एकाच दावणीला दोन गायी

त्या दिवशी कॉल आला होता तापाच्या गायीचा. एचएफ क्रॉस (होल्स्टीन-फ्रिजियनची संकरित), दुसऱ्या वेताची, ताप 105, खांद्यापुढची गाठ चांगलीच सुजलेली आणि पापणी उलटून बघितली तर पांढरीफटक. कासेवर, शेपटीखाली, कानात गोचिडीच गोचिडी, काही तर फुगून एरंडीच्या बीएवढ्या. गाठीतलं पाणी आणि रक्त काचेवर घेतलं, थायलेरियाच निघाला, गोचिडीतून येणारा परजीवी. त्यावरचं औषध बुपारव्हाक्वोन टोचलं.

मालक म्हणाले, "डॉक्टर, शेजारची वशिंडवाली बघा ना, दावण एक, चारा एक, मग हिलाच का?"

बघितलं तर खरंच, तिच्या अंगावर मोजून सात-आठ, त्यापण सुकट. एक ओढून काढली, खाली कातडीला टणक फुगवटा. मला तो फुगवटा बघून इतका आनंद झाला ना, कारण पुस्तकात वाचलेलं बोटाखाली लागत होतं!

म्हणजे बघा, गोचीड नुसती रक्त पित नाही, पिता पिता लाळ सोडत असते आणि त्या लाळेत रक्त गोठू न देणारे, खाज दाबणारे, पांढऱ्या पेशींना बोलावणारे निरोपच मधे पकडणारे प्रोटीन असतात, त्यामुळे दिवसेंदिवस चिकटून राहिली तरी शरीराला नीट पत्ताच लागत नाही, आणि कातडीचा पहारा असा ढिला पडला की थायलेरियासारख्या परजीवीला आयती वाट मिळते. तो तर थेट पांढऱ्या पेशीतच घुसतो आणि तिलाच वाढायला लावतो, रक्षण करणारी पेशीच त्याचा कारखाना! मला हे अजूनही भयंकर वाटतं.

पण काही जनावरांचं शरीर ती लाळ ओळखायला शिकतं. 1939 मध्ये ट्रेगर या शास्त्रज्ञांनी गिनीपिगवर दाखवलं होतं, एकदा गोचिडी लागून गेल्या की पुढच्या वेळच्या नीट पोसल्याच जात नाहीत, आणि नंतर कळलं की चाव्याच्या जागी बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. वशिंडवाल्या जातींच्या गुरांत हा विरोध साधारण जास्तच दिसतो, तरी औषध दोघींनाही मारायचं, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत पण, कारण फुगलेली मादी खाली पडून हजारो अंडी घालते.

मालकांनी फुगवट्यावर दोन-तीनदा बोट फिरवलं, मग काही न बोलता फवारणीचा पंप आणायला गेले.