अर्धं तिकीट

दुपारी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेच्या डब्याकडे वळले, तर ओट्यावर मुंग्यांची रांग. मी त्यांच्यावर हळद टाकत नाही, खडूही ओढत नाही; बघत उभी राहते. त्यात चहा आटतो, ती गोष्ट वेगळी. आज एकीला मागे दोन बुडं दिसली. चष्मा लावला. रव्याचा कण निघाला.

पण दोन बुडांची मुंगी असते हो! कोस्टा रिकातल्या ला सेल्वाच्या जंगलात रात्री लष्करी मुंग्यांचा तांडा चालला होता. बघणाऱ्या संशोधकांना काहींची बुडं उजेडात जरा वेगळीच चकाकलेली वाटली. मुंग्या बाटलीत भरल्या, बाटली हलवली, तर एक बूड सुटून पडलं आणि चालू लागलं. जेमतेम दीड मिलिमीटरचा भुंगेरा! 2017 साली त्याचं बारसं झालं, निम्फिस्टर क्रोनॉएरी. एवढ्याशा जिवाला एवढं नाव. या मुंग्यांचं बिऱ्हाड पाठीवर. दोन-तीन आठवडे एका जागी टेकतात, मग पुढचे दोन-तीन आठवडे मुक्काम सारखा हलता. हा पठ्ठ्या जबड्याने मुंगीची कंबर धरतो आणि तिच्याबरोबर जातो. रंग, आकार, गोलाई, सगळं तिच्याच बुडासारखं.

मला आमची एसटी आठवली. मी दुसरीत होते. कंडक्टर दोन बाकं पुढे आला की आई मला मांडीवर ओढायची, गुडघे पोटाशी दुमडायची आणि वरून पदर घालायची. पदराला गोडेतेलाचा आणि घामाचा वास. "किती वर्षांची?" "पाचवं लागलंय आत्ताच." पाचाच्या आत तिकीट नव्हतं. आईच्या पोटाला चिकटून मी श्वासही बेताने घ्यायचे. एकदा मात्र घात झाला. पदराच्या फटीतून समोरची पाटी दिसली आणि मी खणखणीत वाचलं, "धूम्रपान करू नये!" जोडाक्षरासकट. कंडक्टर काही बोलला नाही. अर्धं तिकीट फाडून आईच्या हातात ठेवलं.

घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नव्हती.

आता आई अठ्ठ्याहत्तरची आहे. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, 2022 पासून. तरी गाडीत बसल्या बसल्या ती पिशवीतून आधार कार्ड काढते आणि कंडक्टर येईपर्यंत हातात उंच धरून बसते. हात थरथरतो. मी म्हणते, मी धरते, दे. देत नाही.