तुम्ही विचारलंत म्हणून: ५ एचपीच्या पंपाला साडेसात केव्हीए का पुरत नाही

एप्रिल-मे आला, लाइट जायला लागली की गोव्यातल्या फोंड्याकडच्या कुळागरवाल्यांचे (पोफळी-नारळाच्या बागा असणाऱ्यांचे) फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, पंप ५ एचपीचा, जनरेटर साडेसात केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचं माप), मग पंपाचं बटण दाबलं की जनरेटर दबतो का आणि स्टार्टर (पंप चालू करणारी पेटी) कडकड का करतो, हिशेब तर बरोबर आहे ना?

हिशेब बरोबरच आहे, पण तो चालत्या पंपाचा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ५ एचपीला ३.७ किलोवॅट, आणि साडेसात केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएमधला खरं काम करणारा हिस्सा) ६ किलोवॅट देतो. थ्री फेज पंप चालताना साधारण साडेसात अँपिअर घेतो, जनरेटर दहा देतो. पण रोटर (मोटरचा फिरणारा भाग) अजून हललेला नसतो तेव्हा इंडक्शन मोटर (पंपाची नेहमीची मोटर) म्हणजे सेकंडरी (दुसरी गुंडाळी) शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मरच, डायरेक्ट स्टार्टरवर (जो पूर्ण व्होल्टेज एकदम देतो) ती सहापट-सातपट करंट ओढते, म्हणजे ४५-५० अँपिअर, म्हणजे ३२ केव्हीएच्या वर! सरकारी लाइनमागे अख्खी ग्रीड उभी असते म्हणून तिथे जाणवत नाही.

मग व्होल्टेज पडतं, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) कॉइल सुटते, सुटली की व्होल्टेज परत चढतं, परत ओढते, तीच ती कडकड. आणि व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं तर मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६४ टक्केच उरतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, मग मोटर वेग घेत नाही आणि तो मोठा करंट लांबतच जातो. लोक इथे डिझेल फिल्टर बदलतात, इंजिनवाल्याला बोलावतात. सुरू होतानाचा पॉवर फॅक्टर खूप कमी असतो हो, मार आधी अल्टरनेटरला (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) बसतो, आणि बिचाऱ्या इंजिनाला दोष.

प्रियोळला गेल्या उन्हाळ्यात एका काकांना दुकानदाराने थेट ३० केव्हीए घ्यायला सांगितलेलं, मला ते अजिबात पटलं नाही, एवढासा पंप त्यावर रोज तासन् तास चालवला तर लोड २० टक्क्यांच्या आसपास, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट यायला लागतं. मी आधी मोटरची टर्मिनल पेटी उघडली, आत वायरची सहा टोकं होती. मग स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेणारा) बसवता येतो, स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश, १५-१६ अँपिअर, हा काही सेकंदांचा ओव्हरलोड चांगला अल्टरनेटर झेलतो. टॉर्कही एक तृतीयांशच होतो पण सेंट्रिफ्युगल पंपाला सुरुवातीला टॉर्क लागतोच कितीसा. टायमर मात्र घाईचा ठेवू नका, मोटर वेगात यायच्या आधी डेल्टात गेली की तोच धक्का परत. तीनच टोकं बाहेर असतील (सबमर्सिबलला बऱ्याचदा असतात) तर सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा) नाहीतर व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र) बघा.

काकांना सांगितलं, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करा, मग हळूहळू उघडा, आणि घरचा फ्रीज-दिवे पंप वेगात आल्यावरच टाका. तसंच केलं, साडेसातवरच पंप उचलला, पोफळींना पाणी गेलं.

आणि त्यांच्याकडे चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) नव्हता, तो मी त्याच दिवशी लावायला लावला. जनरेटरचा करंट उलटा लाइनवर गेला तर वर खांबावर लाइनमन असतो.