सुंब्यात दहा गुंठे: कागद, पाणी आणि हिशेब

बालीहून तासाभराच्या विमानावर इंडोनेशियातलं सुंबा बेट, समुद्राला लागून जमीन, भाव सांगलीच्या विश्रामबागेतल्या प्लॉटपेक्षा कमी. असा मेसेज ग्रुपवर आला की द्राक्षाचे चार पैसे हातात असलेल्या माणसाचं डोकं फिरणं साहजिक आहे. इसार देण्याआधी मात्र एवढं वाचा.

तिकडे जमीन ‘आर’मध्ये मोजतात. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतो तोच हा आर. 100 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्यापेक्षा जेमतेम सव्वा मीटर कमी. त्यामुळे भाव सरळ गुंठ्याचा समजून वाचला तरी चालतं. घोळ पुढे होतो. परदेशी गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव बऱ्याचदा विक्रीचा नसतोच, दर आरला दर वर्षी एवढं भाडं, असा असतो. उदाहरणापुरता आकडा घ्या: आरला वर्षाला 20 लाख रुपिया. दहा आर, 25 वर्षं, सगळं आगाऊ, झाले 50 कोटी रुपिया. एका रुपयाला साधारण 185 रुपिया धरले तर सत्तावीस लाखांच्या आसपास. महिन्याला नऊ हजार पडले, तेही मोकळ्या जागेचे. मुदत संपली की जागा मालकाकडे, आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर वर बांधलेल्या घरावरचा तुमचा हक्कही धरू नका.

भाडंच का, तर मालकी मिळत नाही म्हणून. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकाला आहे. त्याच कायद्याच्या कलम 26 नुसार परदेशी माणसाकडे मालकी पोचवण्यासाठी केलेला व्यवहार, आडवळणाने केलेला असला तरी, मुळातच रद्द ठरतो. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तरीही एजंट सांगतो, ‘गावातल्या माणसाच्या नावावर घेऊ, त्याच्याकडून कर्जरोखा आणि कायमचं कुलमुखत्यारपत्र लिहून घेऊ.’ आपल्या भाषेत हे सरळसरळ बेनामी. कायमचं, रद्द न होणारं मुखत्यारपत्र करून जमीन फिरवायला तिथे 1982 पासून बंदी आहे. तो गावकरी प्रामाणिक असेलही. त्याच्या मागे त्याची पोरं तशी निघतील याची हमी कोण देणार?

कायदेशीर वाटा तीन. एक, ‘हाक पाकाई’, वापराचा हक्क: 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. तो घरासाठी मिळतो, पण घराच्या किमान किमतीची अट असते. दुसरी, परदेशी गुंतवणुकीची कंपनी, पीटी पीएमए. तिला जमीन आणि इमारत वगळून दहा अब्ज रुपियांची गुंतवणूक दाखवावी लागते. दहा गुंठ्यांसाठी हा खटाटोप कुणी करू नये. उरतो भाडेपट्टा, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच येऊन थांबतं.

आता कागद. मालकाकडे ‘सर्टिफिकात हाक मिलिक’ आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर पुढचं बोलणंच नको. जुनी करपावती, ‘गिरिक’, हा मालकीचा पुरावा नव्हताच, आणि 2021 च्या नियमाने अशा जुन्या कागदांना दिलेली पाच वर्षांची मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये संपली. सुंब्यात खरी अडचण वेगळीच आहे. बरीच जमीन कुळाची, म्हणजे ‘काबिसू’ची, रिवाजाने धरलेली. कागदावर एक नाव असतं आणि जमिनीवर हक्क सांगणारी चाळीस माणसं दुसऱ्या टेकडीवर राहतात. आपल्याकडे सामाईक गटात एका हिस्सेदाराने परस्पर विकल्यावर जे होतं, तेच इथे, फक्त बांधावर येणारे लोक जास्त.

म्हणून क्रम असा ठेवा. सर्टिफिकेटवरचा गटाचा क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात, म्हणजे बीपीएनमध्ये, अधिकृत तपासणी करून घ्या. बोजा, जप्ती, वाद असेल तर तिथे निघतो. मोजणी करून खुणा स्वतः चालून पाहा, आणि सोबत शेजारचे चारही धारक असू द्या. मग गावप्रमुखासमोर कुळातल्या मोठ्यांची बैठक घेऊन सह्या घ्या. मालकाच्या बायकोची आणि सज्ञान वारसांची सही यात आलीच. आराखड्यात ती जागा कोणत्या झोनमध्ये आहे याचा लेखी दाखला घ्या. शेवटी रस्ता बघा. जाताना ज्या वाटेने गेलात ती दुसऱ्याच्या जमिनीतून असेल, तर वहिवाटीचा हक्क करारात वेगळा हवा.

‘समुद्राला लागून’ या शब्दांवर तर फुलीच मारा. उधाणाच्या सर्वांत वरच्या खुणेपासून आत 100 मीटरचा किनारपट्टा मोकळा ठेवायचा असतो. समुद्रापासून आत ऐंशी मीटरपर्यंतचाच प्लॉट असेल तर तुम्ही बसून सूर्यास्त बघण्याचे पैसे दिलेत.

भाडेपट्टा नोटरीसमोर आणि इंडोनेशियन भाषेत असलाच पाहिजे, सोबत इंग्रजी प्रत ठेवा. जमीन विकली तरी भाडेपट्टा मोडत नाही हे तिथल्या दिवाणी कायद्यात आहे, तरी करारातही लिहून घ्या. मुदतवाढीचा भाव कसा ठरणार हे सूत्रासकट लिहा. ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ एवढंच लिहिलं असेल तर तुमचीच बांधलेली भिंत दाखवून मालक भाव वाढवेल. भाड्यावर दहा टक्के कर बसतो, तो कोण भरणार तेही आधीच ठरवा. पर्यटकांना खोल्या द्यायच्या असतील तर व्यवसायाचा परवाना लागतो, आणि गाडी पुन्हा कंपनीवर येते.

पैसे बँकेतूनच पाठवा. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि पाच वर्षांपेक्षा मोठा भाडेपट्टासुद्धा परदेशातली स्थावर मालमत्ता म्हणूनच धरला जातो. दहा लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. वरच्या उदाहरणात सतरा लाखांवर तीन लाख चाळीस हजार. ते रिटर्नमध्ये परत मिळतात, पण तोवर अडकतात. रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद चुकवू नका. तिथे न दाखवल्यास दहा लाखांचा दंड आहे, आणि वीस लाखांपर्यंतची जी सूट आली ती स्थावराला लागू नाही. हवाल्याने पाठवणाऱ्याला तिकडे कोर्टात उभंच राहता येत नाही, कारण पैसे दिल्याचा पुरावा नसतो.

राहण्याचं म्हणाल तर जत-आटपाडीच्या माणसाला सुंबा ओळखीचा वाटेल. फक्त ऋतू उलटा. पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च, मग आठ महिने कोरडं पिवळं गवत. माळ चुनखडीचा, त्यामुळे पावसाचं पाणी झिरपून खोल जातं आणि किनाऱ्याजवळ बोअर मारली तर मचूळ लागू शकते. छताचं पाणी साठवायची टाकी घराच्या अंदाजपत्रकात पहिली लिहा. आठ महिने, दोन माणसं, माणशी साठ लिटर धरले तर जवळपास एकोणतीस हजार लिटर होतात. वीज साधारण आपल्याइतक्याच व्होल्टची, पण प्लग गोल दोन दांड्यांचा आणि खेड्यात विजेला जाण्या-येण्याची सवय. इन्व्हर्टर हवाच.

मलेरिया आहे, आणि तो गंमतीचा नाही. मच्छरदाणी, लांब बाह्या, ताप आला की त्याच दिवशी ‘पुस्केस्मास’मध्ये, म्हणजे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्ततपासणी. मोठं दुखणं असेल तर बालीतलं देनपासार गाठायचं, आणि रात्री विमान नसतं. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाने वर्षभर तिथे राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला घरापासून मिरजेचे दवाखाने वीस मिनिटांवर लागतात त्याला हा फरक पहिल्या तापातच कळतो.

शाकाहारी माणसाचं टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), मका, भात यावर भागतं. शेजारधर्माचं तेवढं सोपं नाही. सुंब्यात अंत्यविधीला म्हशी आणि डुकरं कापली जातात, आणि गावात राहणाऱ्याकडून जनावर नाहीतर त्याचा वाटा अपेक्षित असतो. लिंगायत किंवा जैन घरातल्या माणसाने हे आधीच कुळातल्या ज्येष्ठांशी बोलून, तांदूळ, साखर किंवा हाताने विणलेलं कापड द्यायचं ठरवून घ्यावं. ऐन वेळी नाही म्हटलं तर ते वैर धरण्यासारखं होतं, आणि पाणी, रस्ता, राखण सगळं त्याच लोकांच्या हातात असतं.

भाव वाढतील का? वाढतीलही, पण ते मालकाचे. तुमच्याकडे विकायला उरतात फक्त शिल्लक वर्षं, आणि ती दर वर्षी एकाने कमी होतात. पंचवीसमधली पंधरा संपली की दहा वर्षांच्या पट्ट्याला गिऱ्हाईक शोधून बघा. त्यामुळे ज्याला फक्त राहायचं आहे त्याने आधी एक वर्ष भाड्याच्या घरात काढावं, आणि गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर घेऊ नये.

पाहायला जायचं तर ऑक्टोबरात जा. आगमनावर मिळणारा पाच लाख रुपियांचा व्हिसा 30 दिवसांचा असतो आणि एकदा वाढवता येतो. एजंट एप्रिलचं तिकीट सुचवेल, तेव्हा माळ हिरवा असतो. ऑक्टोबरात विहिरीचा तळ दिसतो, आणि शेजारच्या घरी टँकर केवढ्याला पडतो हे विचारता येतं.