गाठ पुढून मारायची

शनिवार, १४ जून. रात्री साडेदहा

बोटाला दोनदा सुई टोचली, चष्म्याचा नंबर वाढलाय हे नक्की झालं, आणि अख्ख्या दिवसात कापडावर विलोच्या झाडाची साडेतीन पानं भरून झाली. चौथं देठापाशीच थांबलंय. भरतकामाची रिंग अजून पिशवीतच आहे. आत्ता बाहेर काढली तर झोपायला एक वाजेल, म्हणून आधी लिहून टाकते.

केल्म्स्कॉट मॅनर, म्हणजे विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डिझायनरचं घर, इंग्लंडमधल्या आमच्या स्विंडनपासून गाडीने जेमतेम अर्धा तास. सतरा वर्षं इथे राहून एकदाही गेले नव्हते. येरवड्याला आमच्या घरापासून आगाखान पॅलेस चालत जाण्यासारखा, तरी तिथे मी पहिल्यांदा गेले ती सासरच्या पाहुण्यांना दाखवायला. त्यातलाच प्रकार. या वेळी निमित्त झालं मडगावच्या मैत्रिणीचं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं इतकी आहेत की बाजारात कोकणी कानावर पडली नाही असा शनिवार जात नाही, आणि ही तर आमच्याच गल्लीत राहते. सकाळी मॉरिसच्या मेरी या लेकीवर व्याख्यान, दुपारी भरतकामाची कार्यशाळा, मध्ये चहा-स्कोन, अशी जाहिरात तिनेच पाहिली. मेरी म्हणजे मे. घरात तिला सगळे मे म्हणत. फी ऐकल्यावर मात्र हीच म्हणाली, "पयशे दिवन शिवणकाम?" आणि दोघींचे पैसे स्वतःच भरून मोकळी झाली.

हायवर्थवरून लेचलेडला गेलो. तिथून पुढे रस्ता असा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की आपण कुंपणात. गाडी गावाबाहेर लावून दहा मिनिटं चालायचं. बरंच झालं. एकदम घरासमोर उतरलो असतो तर ते छप्पर नीट पाहिलंच गेलं नसतं. कौलं नाहीतच, दगडाच्या चिपा आहेत. खालच्या ओळीत मोठ्या, वर जावं तशा लहान लहान होत गेलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. घर सोळाव्या शतकातलं, एका शेतकरी कुटुंबाने बांधलेलं, पुढच्या शतकात वाढवलेलं. महाल वगैरे नव्हे. आपल्याकडे गावचा बरा पैसेवाला पाटील बांधेल, तेवढा वाडा. विल्यम मॉरिसने १८७१ साली ते भाड्याने घेतलं, चित्रकार-कवी मित्र रोझेटीबरोबर भागीदारीत. मग स्वतः आइसलंडला निघून गेला आणि बायको जेन, दोन मुली आणि रोझेटी इथे राहिले. जेन आणि रोझेटीचं काय चाललं होतं ते त्या काळात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मैत्रिणीला दिवसभरात सगळ्यात जास्त रस याच भागात होता. खरं सांगायचं तर मलाही.

मॉरिस म्हणजे इथे मगवर, छत्रीवर, ओव्हनच्या हातमोज्यावर. इतका सगळीकडे आहे की दिसेनासा झालाय. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं त्याचं प्रसिद्ध छापील कापड आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीच्या उशीवर आहे. ते पक्षी याच घराच्या परसात फळं पळवायचे, हे आज कळलं. १८८३ सालचं डिझाइन. कापड आधी सगळं निळीत बुडवून काढायचं, मग जिथे नक्षी हवी तिथला निळा रंग उडवायचा, आणि मोकळ्या जागी लाल-पिवळा भरायचा. दिवसचे दिवस लागत, त्यामुळे मॉरिसच्या कंपनीच्या महागड्या कापडांत त्याची गणती. हे छापणाऱ्या माणसाला गरिबांच्या घरातही सुंदर वस्तू हव्या होत्या आणि त्याच वर्षी तो समाजवादी चळवळीतही शिरला. आपला माल फक्त श्रीमंतांनाच परवडतो याची त्याला चीड येई. चीड येई, आणि माल विकत राही. यावर हसावं की त्याच्या प्रामाणिकपणाला मान द्यावा, माझं अजून ठरलेलं नाही. शंभर माणसांच्या पगाराचा प्रश्न असला की चीड गिळावी लागते, हे मात्र वयाबरोबर कळतं.

व्याख्यान आवारातल्या कोठारात होतं. बोलणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात, हातात एकही कागद नाही. त्यांनी सुरुवातच अशी केली की पडद्यावर हनीसकलच्या वेलीचा एक वॉलपेपर दाखवला आणि विचारलं, कुणाचा? सगळ्या एका सुरात, मॉरिस. बाई म्हणाल्या, बरोबर, पण कुठला? १८८३ सालचा तो नमुना मेचा, तेव्हा ती एकवीस वर्षांची. कंपनीच्या नावावर विकला गेला आणि कंपनीचं नाव बापाचं, त्यामुळे लोक बापाचाच समजत राहिले. तेविसाव्या वर्षी, १८८५ साली, कंपनीच्या भरतकामाचा अख्खा विभाग तिच्याकडे आला. नमुने काढायचे, लोकरीचे रंग ठरवायचे, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार, दर लावायचे, मुलींना शिकवायचं, सगळं ती बघे. पुढे १९०७ मध्ये तिने इतर जणींबरोबर स्त्री-कलाकारांची संघटना काढली, कारण पुरुषांच्या संघटनेत बायकांना घेत नसत.

इथपर्यंत माझी मान आपोआप हलत होती. मग बाईंनी पुढचं सांगितलं. मेच्या हाताखाली टाके घालणाऱ्या मुलींत लिली येट्स होती, कवी येट्सची बहीण. तिने मेला नाव ठेवलं होतं गॉर्गन. ग्रीक कथांतली ती केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे बघितलं की माणसाचा दगड होतो. म्हणजे बापाच्या सावलीत झाकली गेलेली लेक स्वतः कुणावर तरी सावली धरूनच होती. मला हे ऐकून जरा बरं वाटलं. नाहीतर अशा व्याख्यानांत बाई म्हटली की एकतर बिचारी, नाहीतर देवी.

मध्येच एक वाक्य असं आलं की मी लिहून घ्यायची थांबले. फेब्रुवारी १८७९ मध्ये मॉरिसने बर्मिंगहॅमला भाषण केलं. त्यात हिंदुस्थानचा विषय निघाला. इंग्रजांच्या व्यापाराने तिथल्या कारागिरीची वाट लावली, असं तो इंग्रजांनाच सुनावत होता. त्यात तुरुंगांतल्या गालिच्यांचा उल्लेख होता. सरकार कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेतं आणि ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धंदा, त्या विणकरांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागते.

मी येरवड्याची. आमच्या शाळेची बस रोज तुरुंगाच्या भिंतीवरून जायची. तिथेही त्या काळी कैदी गालिचे विणत. माझ्या लहानपणी बाबांनी तुरुंगाच्या दुकानातून एक सतरंजी आणली होती, लाल-निळ्या पट्ट्यांची. आम्ही तिच्यावर पत्ते खेळलो, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो, ती फाटली तेव्हा आईने कापून पायपुसणी केली. "जेलची आहे, तुटायची नाही," एवढंच तिच्याबद्दल घरात बोललं जाई. विणली कुणी, हे कधी डोक्यात आलं नाही. ऑक्सफर्डशायरच्या एका कोठारात, स्कोनची वाट बघत बसलेली असताना आलं. हात वर करून सांगावं का असं क्षणभर वाटलं. नाही सांगितलं. इंग्लंडमध्ये असं काही बोललं की सगळे फार सहानुभूतीने बघतात, आणि मला फक्त सतरंजीबद्दल बोलायचं होतं.

जेवणानंतर घर बघितलं. मॉरिसच्या खोलीत त्याचा चार खांबी पलंग आहे. त्याचे पडदे मेने आखले आणि तिने, लिली येट्सने आणि एलन राइट नावाच्या मुलीने १८९०च्या सुमारास भरले. वेली, फळं, पक्षी. वरच्या झालरीवर मॉरिसची कविता आहे, तीही टाक्यांनी लिहिलेली. त्यात तो जुना पलंगच बोलतो. पलंगपोस जेनने भरलेला. एका माणसाच्या झोपेसाठी चार बायकांच्या बोटांची एवढी मेहनत, आणि हा लंडनमध्ये काम करणार, इथे अधूनमधून येणार! पण समोर उभं राहिलं की वाद घालायचं सुचत नाही. हिरव्याच्याच इतक्या छटा आहेत की मी मोजायला लागले आणि नादात दोरीच्या पलीकडे वाकले. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी हलकेच खाकरून मला मागे घेतलं. मला पडद्याची उलटी बाजू बघायची होती, दुसरं काही नाही.

हे आईमुळे. आईचं माहेर बेळगाव. तिच्या आईने तिला इरकली साडीवर कशिदा शिकवला, गवंती, मुरगी, नेगी, मेंथी, चारही टाके. कशिद्यात गाठ मारत नाहीत. धागे मोजून सुई न्यायची आणि त्याच वाटेने परत आणायची. गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे. सातवीत शिवणाच्या तासाला मी गहू टाक्याचा रुमाल केला, बाईंनी दहापैकी नऊ दिले. घरी आणला तर आईने पुढून बघितलासुद्धा नाही. उलटा केला, गाठी मोजल्या, अकरा, आणि गॅसपाशी निघून गेली. त्यानंतर मी भरतकाम सोडलं ते आजपर्यंत.

दुपारी कार्यशाळेत आम्ही बारा जणी, एक नवरा. (तो बायकोला सोडायला आलेला आणि पाऊस आला म्हणून बसलेला, सगळ्यात सुबक पानं त्याची झाली.) प्रत्येकाला लिननचा तुकडा, त्यावर आखलेली विलोची डहाळी, रिंग, बारीक लोकर. विलो इथे थेम्सच्या काठाने आहेच, आणि मॉरिसचं १८८७चं विलोचं डिझाइन घराघरात. कडेला देठाचा टाका, आत लांब-आखूड टाके. पानाच्या मधल्या शिरेकडे टाके तिरपे गेले पाहिजेत, आडवे गेले की पान मेलं, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. माझं पहिलं पान मेलेलंच आहे. दुसऱ्यात जीव आला.

पण त्याआधी, अगदी सुरुवातीला, त्यांनी जे दाखवलं ते बघून मी हसले. गाठ पुढून मारायची. म्हणजे दोऱ्याला गाठ मारून सुई कापडात वरून घालायची, जिथे टाके यायचेत त्याच्या बोटभर पुढे. गाठ वर दिसत राहते. टाके घालत तिच्याकडे सरकत जायचं. मागे पसरलेला दोरा त्या टाक्यांखाली आपसूक बांधला जातो. गाठीपाशी पोचलं की ती कात्रीने कापून टाकायची. मागे काही उरत नाही. किती सोपं! सातवीत हे कुणी सांगितलं असतं तर?

मैत्रीण म्हणाली, "हांसता कित्याक?" तिला काय सांगणार, अकरा गाठींची गोष्ट आहे म्हणून.

निघताना चर्चच्या आवारात गेलो. मॉरिस, जेन आणि दोन्ही मुली, चौघांची एकच साधी कबर. मॉरिस १८९६ साली गेला, लेक मे गेली ती १९३८ मध्ये. दगडाचा आकार घराच्या छपरासारखा, त्याच्या वास्तुविशारद मित्राने, फिलिप वेबने केलेला. हे घर मॉरिसच्या हयातीत भाड्याचंच राहिलं. जेनने विकत घेतलं ते १९१३ मध्ये, तो गेल्यावर सतरा वर्षांनी. मग काही महिन्यांतच तीही गेली. पाऊस वाढला, पळालो.


रविवार, १५ जून. दुपार

सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपारचं जेवण होऊन ती आडवी झाली होती, तरी उठून बसली. मी घर सांगितलं, छप्पर सांगितलं, जेन आणि रोझेटीचं जरा गाळून सांगितलं. तिने ते गाळलेलंच बरोबर पकडलं. "म्हणजे नवरा आइसलंडला आणि हे दोघं इथे?" म्हटलं, हो. "आणि पलंगपोस भरला त्या नवऱ्याला?" म्हटलं, हो. "बाई गं," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिली.

सतरंजीचं विचारलं. तिला आठवत होती. पायपुसण्यांपैकी एक अजून मोरीपाशी आहे म्हणे. मी म्हटलं, ते टाकू नकोस. "टाकतेय कशाला, तुटलंय कुठे ते?"

मग रिंग कॅमेऱ्यासमोर धरली. चौथं पान सकाळी चहाच्या आधी पुरं केलं होतं. तिने डोळे बारीक केले.

"उलटी कर."

केली.

"गाठी कुठायत?"

"कापल्या. पुढून मारायच्या आणि शेवटी कापायच्या, असं शिकवलं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली.

"जरा जवळ आण," म्हणाली. आणली. "हं. दोरा फार ओढतेस अजून. कापड चुणलंय बघ कडेला."