काठ, कापड आणि दोरा : आमची वाटचाल

नागपूरच्या महाल भागात आमची छोटी कार्यशाळा आहे आणि तिच्याच पुढच्या खोलीत आमचे दुकान आहे. जुनी लुगडी, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे तुकडे, शिंप्यांकडची कतरण, हातकागद, लाकूड, पितळी तार, मणी आणि दोरा यांच्या मेळातून येथे भिंतीवर लावण्याची चित्रे, तोरणे, गोधड्या, पूजेची आसने आणि पिशव्या तयार होतात. कलेच्या बाजारात या प्रकाराला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात. हा व्यवसाय चालवताना आम्ही अनेक निर्णय घेतले, त्यांतले काही पैशांच्या हिशेबाने घेतले. पण ज्या एका निर्णयावर बाकी सगळे उभे आहे तो असा, की जी बाई एखाद्या वस्तूसाठी पहिला तुकडा निवडते, तिनेच ती वस्तू शेवटच्या टाक्यापर्यंत न्यायची. या कामातला आनंद करणाऱ्याच्या हातात राहावा, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि आजही आहे.

नागपूर हे विणकरांचे शहर आहे, हे हल्ली सांगावे लागते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली आणि शहराचे नाव गिरणीशी जोडले गेले; परंतु गिरणीच्या आधीही आणि गिरणी जोरात असतानाही इतवारी, महाल, गोळीबार चौक, पाचपावली या वस्त्यांमध्ये हलबा कोष्टी समाजाच्या घराघरांत हातमाग चालत होते आणि नागपुरी लुगडी दूरवरच्या बाजारांत जात होती. आता बहुतेक गल्ल्यांतले माग थांबले आहेत. लुगडी मात्र अजून घरोघरी आहेत, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी, नाही तर एखाद्या गोधडीच्या आतल्या थरात.

आमची सुरुवातही अशाच घरातल्या लुगड्यांपासून झाली. माझ्या सासूबाई नातवंडांसाठी गोधड्या शिवत असत. लुगडे नेसून नेसून अंगाला विरते, बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी तर हात लावला तरी फाटते, पण घट्ट विणीचा काठ तसाच राहतो. सासूबाई तो आधी उसवून काढत आणि गुंडाळी करून डब्यात ठेवत. “काठ फेकू नोको बाई, कामी येते तो,” असे त्या मला सांगत. त्या डब्यातल्या काठांपासून मी प्रथम दाराची तोरणे केली, मग उशांचे अभ्रे केले, आणि नंतर एका जुन्या लाकडी चौकटीत काठांचे तुकडे उभे-आडवे बसवून भिंतीसाठी एक चित्र केले. शेजारच्या काकूंनी ते पाहिले आणि त्यांच्या लेकीसाठी मागितले. पहिली काही वर्षे असेच ओळखीतून काम येत गेले. व्यवसायाची रीतसर नोंदणी, बँकेत वेगळे खाते, पावतीपुस्तक ही सगळी तयारी त्यानंतरची, आणि ती सांगण्यासारखी विशेष नाही.

या कामाची गोडी कशात आहे, हे मात्र सविस्तर सांगावेसे वाटते.

आमच्याकडे येणाऱ्या कापडात मला सर्वांत प्रिय आहे ती करवत काठी. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव या परिसरात आणि नागपुरात विणली जाणारी ही साडी. अंग कोशाचे, काठ सुती. हिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. उजवा काठ, मधले अंग आणि डावा काठ यांसाठी तीन वेगवेगळे धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने) चालतात, आणि काठाचा आडवा धागा व अंगाचा आडवा धागा जेथे एकमेकांत अडकतात, तेथे करवतीच्या दातांची ओळ उमटते. ही नक्षी कापडावर वरून काढलेली नसते, दोन धाग्यांच्या गाठभेटीतूनच ती तयार होते. त्यामुळे जुन्या करवत काठीचा तुकडा कापताना आम्ही कात्री दातांच्या ओळीजवळ नेत नाही. दातांच्या पलीकडे बोटभर कोसा सोडून कापतो आणि ती कड बारीक काजटाक्याने बांधून घेतो, कारण ती गुंफण एकदा सुटू लागली की काठ आणि अंग एकमेकांपासून अलग होतात. एवढ्याशा कडेला नवख्या हाताला तासभर लागतो. तो तासभर ती बाई विणकराच्या कामाकडे जितक्या जवळून पाहते, तितक्या जवळून ते बहुधा साडी नेसणारीनेही पाहिलेले नसते.

कोशाचे कापड स्वभावाने वेगळे असते. ऐन आणि अर्जुन या जंगलातल्या झाडांची पाने खाणाऱ्या अळ्यांचे हे रेशीम असल्याने त्याला मुळातच मधाळ रंग असतो आणि एकाच कापडात त्या रंगाच्या दोन-तीन छटा सापडतात. जाड, गाठाळ धाग्याच्या कोशावर टाका घालताना सुई प्रत्येक वेळी थोडी वेगळी चालते. कारखान्यातल्या एकसारख्या कापडावर काम करणाऱ्यांना ही अडचण वाटेल. आमच्या बायकांना हेच आवडते, कारण गाठ जेथे येते तेथे टाका कसा घालायचा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकत्र आणण्यात आणखी निराळा आनंद आहे. सध्या आमच्या टेबलावर पऱ्हाटीचे चित्र आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी पऱ्हाटी बहुतेक ठिकाणी जळणात जाते. आम्ही काटोलकडच्या ओळखीच्या शेतातून तिच्या बारीक फांद्या आणि रिकामी बोंडे आणली, कडक उन्हात वाळवली आणि लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला. पाठीमागे गरम पाण्यातून काढून आटवलेले मांजरपाट, त्यावर हाताने रंगवलेली खादी. फांदी खादीवर चिकटवलेली नाही, मेण लावलेल्या दोऱ्याने थोड्या थोड्या अंतरावर बांधलेली आहे. दोरा किती ताणायचा हे बोटांनाच कळते, कारण सैल राहिला तर फांदी हलते आणि जास्त ताणला तर खादीला चुणी पडते. रिकाम्या बोंडांच्या पाकळ्यांमध्ये कापसाऐवजी एका जुन्या पांढऱ्या धोतराच्या विरलेल्या तुकड्याची घडी बसवली आहे. ही कल्पना आमच्याकडे काम करणाऱ्या एका ताईंची. धोतर त्यांच्या वडिलांचे होते, आणि वडिलांनी आयुष्यभर कापूसच पिकवला होता.

डिंक आणि तत्सम पदार्थांविषयी आमचे मत पक्के आहे. कोशावर गोंद लावला की कापड कडक होते आणि काही काळाने तेथे पिवळट डाग उमटतो, म्हणून कापड कापडाला किंवा लाकडाला जोडताना आम्ही सुई-दोराच वापरतो. लाकडाला आधी बारीक ड्रिलने भोके पाडून घेतो. कागद लाकडावर चिकटवावा लागतो, आणि त्यासाठी नागपूरचे हवामान पाहावे लागते: मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की ब्रश उचलेपर्यंत गोंदावर साय धरते, आणि पावसाळ्यात हातकागद ओल धरून फुगतो. त्यामुळे कागदाची कामे आम्ही दिवाळीनंतर काढतो आणि उन्हाळ्यात शिवणे, उसवणे, कतरण निवडणे ही कामे चालतात.

रंगकामाचा काळ फाल्गुनाचा. पळस फुलला की फुले गोळा करून रात्रभर भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेला कोसा त्यात सोडायचा. सुती कापड असे लगेच रंग धरत नाही, त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे लागते. पळसाचा पिवळा-केशरी रंग फार सुंदर असला तरी उन्हात फिका पडतो. ज्या भिंतीवर थेट ऊन येते, तेथे तो लावू नये असे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. काळ्या रंगाची कृती मला स्वतःला अधिक आवडते. गंजके लोखंडी खिळे गुळाच्या पाण्यात काही आठवडे आंबवून ठेवतात, आणि हिरड्यात भिजवलेले फिकट पिवळे सुती कापड त्या पाण्यात बुडवले की ते पाहता पाहता करडे आणि मग काळे होत जाते. वर्षानुवर्षे हे करूनही त्या क्षणी हातातले काम टाकून सगळ्या जणी पातेल्याभोवती जमतात.

अशा मिश्र साधनांच्या कलेला आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी म्हटले की मी त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात यायला सांगते. मारबत आणि बडगे यांच्या मिरवणुकीत बांबू, कागद, कापड आणि रंग यांतून माणसापेक्षा कितीतरी उंच आकृत्या उभ्या राहतात. चितारओळीत मूर्तिकार माती, कापड आणि चमकी यांचा मेळ कसा घालतात, हेही आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले आहे. ओल्या आणि कोरड्या, जड आणि हलक्या वस्तू एकमेकींना कशा सांभाळतात, हे शिकण्यासाठी आम्हाला शहराबाहेर जावे लागले नाही.

आता व्यवसायाविषयी. मागणी वाढू लागली तेव्हा अनेक हितचिंतकांनी सुचवले, की काम वाटून द्यावे: एकीने कापायचे, दुसरीने कडा बांधायच्या, तिसरीने मणी लावायचे, म्हणजे महिन्याला दुप्पट नग निघतील. हिशेब बरोबर होता. तरीही आम्ही तो मार्ग घेतला नाही, कारण दिवसभर फक्त कडा बांधणाऱ्या बाईच्या वाट्याला या कामातले कष्ट तेवढे येतात. निवड, जुळणी, मध्येच बेत बदलणे आणि पूर्ण झालेली वस्तू दोन पावले मागे जाऊन पाहणे यांतले काहीच तिला मिळत नाही. याच कारणाने आमच्याकडे मजुरी नगावर नसून तासांवर आहे. नगावर मजुरी दिली की हात भराभर चालतात आणि कतरणीच्या ढिगात हवी ती छटा शोधण्यात घालवलेला वेळ बाईला नुकसानीचा वाटू लागतो. आमच्या मते तो वेळ कामाचाच भाग आहे, म्हणून त्याचे पैसे दिले पाहिजेत. त्यामुळे आमच्या वस्तू स्वस्त नाहीत, आणि तासांचा हिशेब आम्ही विचारणाऱ्याला मोकळेपणाने दाखवतो.

याचा परिणाम मागणीवर होतो, हेही खरे. एका मोठ्या हॉटेलने सर्व खोल्यांसाठी हुबेहूब एकसारखी चित्रे मागितली होती. एकसारखी होणार नाहीत, एका कुळातली मात्र होतील, असे आम्ही कळवले आणि ते काम दुसरीकडे गेले. पुढे एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी प्रत्येक खोलीत वेगळेच चित्र हवे असे सांगून काम दिले. एका दुकानाने विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर माल ठेवून घेतला आणि रक्कम फार काळ अडकवली, तेव्हापासून आम्ही उधारीवर माल देत नाही. २०२० च्या टाळेबंदीत प्रदर्शने बंद झाली. त्या काळात बायकांनी घरूनच काम केले आणि फोटो पाठवून मागणी घेण्याची सवय आम्हाला तेव्हा लागली.

तरी आमची खरी विक्री आजही समोरासमोर होते. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तकलेचा मेळा भरतो, तेथे मी लोकांना निरखत असते. जाणकार गिऱ्हाईक चित्र आधी उलटे करून मागची बाजू पाहते. आमची मागची बाजू आम्ही झाकत नाही. टाके तेथेही स्वच्छ असतात, आणि खालच्या कोपऱ्यात ज्या बाईने काम केले तिची खूण असते, कुणाची साखळी टाक्याची पाकळी, कुणाच्या तीन गाठी. खूण पाहून पुन्हा त्याच हाताचे काम मागणारे ग्राहक आता आहेत. ज्या काकूंना सुरुवातीला दुकानात ग्राहकाशी बोलायचाही संकोच वाटत असे, त्या आज आपल्या कामाची किंमत स्वतः सांगतात आणि ती का आहे हेही सांगतात.

शनिवारी दुपारी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी कार्यशाळा खुली असते. महाविद्यालयातल्या मुली येतात, घरचे आटोपून गृहिणी येतात, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पितळी तारेवर दोरा गुंडाळण्यात आता इतके तरबेज झाले आहेत, की आमच्या बायका त्यांच्याकडून ते शिकतात. प्रथम आम्ही सर्वांना साधा धावदोरा घालायला देतो, दोन-तीन बैठका फक्त तोच. त्यानंतर कतरणीचा ढीग पुढे करतो.

आपल्या घरचे लुगडे किंवा साडी आणून तिच्यापासून वस्तू करून घ्यायची असेल, तर कापड साध्या पाण्यातून काढून, खळ घालवून, सावलीत वाळवून आणावे. फाटलेले, डागाळलेले असले तरी चालेल. काठ आधी उसवू नये, तो आम्ही उसवतो. कापड कोणाचे होते आणि त्या काय काम करत असत, हे सांगता आले तर अवश्य सांगावे, कारण ज्या ताई किंवा काकू ते काम हाती घेतील त्या पहिला प्रश्न हाच विचारतात. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी कामाला जास्त वेळ लागतो, तेव्हा तारीख लवकर ठरवलेली बरी.