रिकव्हर्ड डीएमएसओ आणि एक सरळ रेघ

"मॅडम, ऑनसेट किती आला तेवढा सांगा." आमच्या थर्मल सेफ्टी लॅबला येणारे बहुतेक फोन या एका वाक्यात आटोपतात. आकडा सांगितला की समोरचा त्यातून शंभर वजा करतो, उरलेलं तापमान प्रोसेसच्या वर निघालं की फाइल बंद. या शंभर अंशांच्या नियमावर किती जण निवांत झोपतात ते मी रोज पाहते. ऑनसेट म्हणजे उत्कलनबिंदू नव्हे. माझ्या मशीनला विघटनाची उष्णता पहिल्यांदा जाणवली ते तापमान, एवढाच त्याचा अर्थ. मशीन बदला, गरम करायचा वेग बदला, आकडाही बदलतो.

हे प्रकरण एका डिस्टिलेशनचं. शेवटच्या टप्प्यात प्रॉडक्ट डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळलेलं असतं, व्हॅक्यूमखाली डीएमएसओ उडवून माल आटवायचा. आतलं तापमान ११५ अंश. व्हॅक्यूम पंप दुसऱ्या रिॲक्टरला लागलेला असला की बॅच तशीच गरम धरून ठेवायची, कधीकधी रात्रभर. आर अँड डीने डीएससी (सॅम्पल एकसारख्या वेगाने तापवून उष्णता कधी निघते ते पाहणारी चाचणी) करून पाठवली होती: काही मिलिग्रॅम सॅम्पल, मिनिटाला १० अंश, आलेखातल्या शिखराची सुरुवात २४५ ला. शंभर वजा केले तरी १४५ उरतात. प्रॉडक्शनला आमच्याकडून फक्त शिक्का हवा होता.

मला ते शिखर बघूनच खटकलं. उंच, अरुंद, डावी बाजू जवळजवळ उभी. तापमानाबरोबर हळूहळू वाढणारं विघटन पसरट दिसतं. असं उभं शिखर दिसलं की ऑटोकॅटॅलिसिसचा संशय घ्यायचा: विघटनातून जे तयार होतं तेच पुढच्या विघटनाला वेग देतं. अशा पदार्थाला नुसतं "किती तापमानाला?" विचारून भागत नाही, "किती वेळाने?" हेही विचारावं लागतं.

त्याआधी सॅम्पलची चौकशी केली. "प्लांटमध्ये डीएमएसओ कुठला वापरता?" पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "रिकव्हर्ड, मॅडम. दर वेळी फ्रेश कुठे परवडतो?" आणि आमच्याकडे आलेलं सॅम्पल अर्थातच नव्या बाटलीतल्या फ्रेश डीएमएसओचं. धाकट्याच्या परीक्षेला हुशार थोरल्याला बसवावं तसा प्रकार. रिकव्हर्ड, म्हणजे वापरून परत मिळवलेल्या, सॉल्व्हंटमध्ये आधीच्या टप्प्यातला ब्रोमाइड राहतो, थोडं आम्ल राहतं, आणि या दोघांच्या सोबतीने डीएमएसओ कितीतरी खालच्या तापमानाला फुटायला लागतो. यात गुपित काहीच नाही, हे छापून आलेलं आहे. पण सॉल्व्हंट रिकव्हरी हा खर्च वाचवण्याचा विषय समजला जातो, म्हणून ती फाइल सेफ्टीच्या टेबलावर येतच नाही.

प्लांटच्या ड्रममधून सॅम्पल मागवलं आणि एआरसीवर लावलं. एआरसी (ॲक्सलरेटिंग रेट कॅलरीमीटर) हा ॲडियाबॅटिक, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारा, कॅलरीमीटर. टायटॅनियमचा पोकळ गोळा, आम्ही त्याला बॉम्ब म्हणतो. त्यात चार ग्रॅम सॅम्पल, बाहेरून थर्मोकपल, वर प्रेशर ट्रान्सड्यूसर. मशीन ५ अंश वाढवतं, थांबतं, आणि मग बॉम्ब स्वतःहून तापतोय का ते बघत बसतं. मिनिटाला ०.०२ अंशाहून जास्त वाढ दिसली की भोवतालचे हीटर बॉम्बच्या तापमानाचा पाठलाग सुरू करतात. आत बाहेर तापमान सारखं, त्यामुळे उष्णतेला पळायला वाट नाही. पाच टनांच्या रिॲक्टरच्या पोटात, स्टरर बंद असताना, मालाची हीच गत असते. रिकाम्या बॉम्बवर ड्रिफ्ट तपासल्याशिवाय मी कुणालाही टेस्ट सुरू करू देत नाही. नवीन मुलं त्याला कंटाळतात. पण मशीन स्वतःच मिनिटाला ०.०१ अंश सरकत असेल तर ०.०२ ला काय अर्थ उरला?

हे ०.०२ ऐकायला किरकोळ वाटतं. आमचा बॉम्ब नऊ ग्रॅमचा. निघालेल्या उष्णतेतला मोठा वाटा तो धातू गिळतो; भांड्यासकट एकूण उष्णतेचं नुसत्या मालाच्या उष्णतेशी गुणोत्तर, म्हणजे फाय फॅक्टर, १.६ च्या आसपास येतो. मोठ्या रिॲक्टरमध्ये मालापुढे भांडं नगण्य, फाय जवळजवळ १. म्हणजे माझं ०.०२ तिथे ०.०३२, तासाला जवळपास २ अंश. किलोमागे जेमतेम एक वॉट. दहा अंशांच्या वेगाने धावणाऱ्या डीएससीला एवढी ऊब दिसतच नाही.

फ्रेश सॅम्पल १९० पर्यंत गप्प होतं. ड्रममधलं १४५ ला सुटलं. इथेच थांबले असते तरी रिपोर्ट झाला असता: १४५ आणि ११५, मध्ये ३० अंश, "मार्जिन कमी, काळजी घ्यावी". असले रिपोर्ट कपाटात भरपूर आहेत. पण १४५ पर्यंत पोचेस्तोवर त्या सॅम्पलने वाटेतल्या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा वेळ काढला होता, आणि ऑटोकॅटॅलिटिक माल असा वेळ विसरत नाही. म्हणून नवा बॉम्ब भरला, थेट ११५ ला नेला आणि सोडून दिला. यावरून आमच्या साहेबांशी चांगलीच वादावादी झाली. रांगेत दुसरी सॅम्पल्स होती, आणि "काहीच होत नसलेल्या" टेस्टसाठी मशीन अडवणं त्यांना उधळपट्टी वाटत होती.

संध्याकाळी घरी जाताना स्क्रीनवर सरळ रेघ. रात्री उशिरा फोनवरून पाहिलं, तरी सरळ रेघ. सतरा तास ११५ म्हणजे ११५. मग अर्धा अंश, मग एक, आणि त्यानंतर आलेख उभा. सकाळी आले तेव्हा मर्यादेबाहेर प्रेशर गेल्यामुळे मशीनने टेस्ट तोडलेली होती. बॉम्ब ३० अंशांवर थंड झाल्यावरही आत भरपूर प्रेशर शिल्लक होतं. म्हणजे ती नुसती वाफ नव्हती, परत द्रवरूप न होणारा गॅस होता. फ्यूम हूडमध्ये व्हॉल्व्ह सैल केला तरी सल्फाइडची दुर्गंधी कॉरिडॉरभर पसरली. शेजारच्या विभागाची तक्रार आली ती फक्त वासाची.

मीटिंगमध्ये प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "मॅडम, याच पद्धतीने इतक्या बॅचेस काढल्या. एकदाही काही झालं नाही." हा मुद्दा मूर्खपणाचा नाही, आणि आलेख नुसता पुढे सरकवून त्याचं उत्तर देता येत नाही. त्या बॅचेसना काही झालं नाही कारण प्रत्येक बॅच आपल्या सतरा तासांच्या आत रिॲक्टरबाहेर पडली होती. फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये डिसेंबर २००७ मध्ये जो रिॲक्टर फुटला आणि चार जण गेले, ती त्या प्रॉडक्टची १७५ वी बॅच होती. कूलिंग गेलं, मुख्य रिॲक्शन आवरली नाही, आणि पुढे साधारण २०० अंशांना सोडियम आणि सॉल्व्हंटची दुसरी रिॲक्शन पेटली. ती रिॲक्शन नंतर अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाला कॅलरीमीटरमध्ये दिसली. आधीच्या १७४ बॅचेस त्या तापमानाला पोचल्याच नव्हत्या, एवढंच.

तात्पुरतं असं ठरलं आहे: या टप्प्याला फ्रेश डीएमएसओ, आतलं तापमान ८५ च्या वर नाही, पंप मोकळा नसेल तर बॅच थंड करून ठेवायची. अकाउंट्सने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं की रिकव्हर्डमध्ये ब्रोमाइड किती असला तर चालेल, तो आकडा द्या. पुन्हा आकडा! वेगवेगळ्या ड्रमच्या सॅम्पल्समध्ये ब्रोमाइड सारखाच असूनही विघटन सुरू होण्याआधीचा थांबण्याचा वेळ निरनिराळा येतो आहे. आम्लाचा, पाण्याचा हिशेब अजून लागायचा आहे. तोवर मी आकडा देणार नाही, हे लेखी कळवलं आहे.

माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय. त्या जुन्या बॅचेसपैकी एखादी सतरा तासांच्या किती जवळ गेली होती, ते बघायला मी लॉगशीट मागवल्या. डिस्टिलेशन सुरू झाल्याची वेळ आहे, संपल्याची वेळ आहे. मधल्या होल्डला रकानाच नाही. प्रोसेसमध्ये होल्ड असा टप्पाच नाही, मग रकाना कशाला, असं सुपरवायझरचं म्हणणं. रात्रपाळीच्या ऑपरेटरांना विचारते आहे. एक जण म्हणाला, "सणाच्या सुट्टीत एकदा बरीच लांबली होती." किती लांबली होती, ते त्याला नीट आठवत नाही.